टपाली बुद्धिबळ : यंत्रावर शंका घेण्याची कला

१९६५ साली सुरू झालेल्या पाचव्या टपाली जगज्जेतेपदात याकोव एस्त्रिनविरुद्ध काळ्या सोंगट्यांनी खेळताना हान्स बर्लिनरने दहाव्या चालीला घोडा मरायला सोडला आणि राजापुढचे प्यादे सरकवले. त्या डावात खेळल्या गेलेल्या सुरुवातीचा एस्त्रिन मान्यवर जाणकार होता. बर्लिनरने चाल घरी बसून शिजवलेली होती. पोस्टकार्डावर चार आकडी संकेत लिहायचा, टपालात टाकायचा आणि उत्तराची वाट बघायची, असा हा खेळ तीन वर्षे चालला. बर्लिनरने सोळा डावांत चौदा गुण मिळवले, एकही डाव हरला नाही.

पुढे हाच बर्लिनर कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकाला बुद्धिबळ शिकवू लागला. प्रोग्रॅमांच्या एका खोडीला ‘क्षितिज परिणाम’ हे नाव त्यानेच दिले. प्रोग्रॅम ठरावीक चालींपर्यंतच पुढे पाहतो. त्या मर्यादेच्या आत उंट मरताना दिसला, की तो मध्येच दोनचार निरर्थक शह देतो. मरण तेवढे पुढे ढकलले जाते, नजरेआड होते आणि प्रोग्रॅमला वाटते, उंट वाचला. टपाली खेळाडू नेमका इथे दबा धरून बसायचा. घड्याळ नसल्यामुळे तो सोंगट्या प्रत्यक्ष हलवून पाहू शकतो, वीस चाली पुढे जाऊन परत येऊ शकतो, एखादी शंका रात्रभर मुरू देऊ शकतो. जादा वेळ यंत्रालाही मिळत होता, पण त्याचा खरा लाभ माणसाच्या पदरात पडे.

म्हणूनच १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवल्यावर पटावरच्या लढतीचा निकाल लागला, टपाली लढतीचा नाही. २००५ साली हायड्रा या महाकाय यंत्राने लंडनमध्ये ग्रँडमास्टर मायकेल अॅडम्सचा साडेपाच विरुद्ध अर्धा गुण असा धुव्वा उडवला. त्याच सुमारास बर्लिनच्या आर्नो निकेलने टपाली पद्धतीच्या तीन डावांत हायड्राला दोनदा हरवले आणि एकदा बरोबरीत रोखले. ही बातमी माणसाचा विजय म्हणून मिरवली गेली, ते मात्र अर्धसत्य होते. निकेलला इतर प्रोग्रॅम वापरायची मुभा होती. खरी लढत एकट्या यंत्राची आणि यंत्रावर शंका घेणाऱ्या माणसाची होती. मला तीच अधिक रंगतदार वाटते.

कारण शंका नेमकी कुठे घ्यायची, यातच कसब आहे. डावाच्या शेवटी दुबळी बाजू कधी अशी तटबंदी उभारते, की प्रोग्रॅम दोन-तीन प्याद्यांची आघाडी दाखवत राहतो आणि आत शिरायला वाट मात्र कुठेच नसते. मधली प्यादी एकमेकांत अडकली, तर राजाला वीस चालींची फेरी मारून दुसऱ्या बाजूला न्यायची योजना यंत्राला उशिरा सुचायची. निकेलसारखे खेळाडू अशाच बंद स्थितींकडे डाव वळवत.

२००५ साली स्टीव्हन क्रॅम्टन आणि झॅकरी स्टीफन या दोन हौशी खेळाडूंनी साध्या संगणकांच्या मदतीने एक ‘फ्रीस्टाइल’, म्हणजे माणसाने यंत्राची मदत घेऊन खेळायची, स्पर्धा जिंकली. कास्पारोव्हने तो दाखला इतका गाजवला, की माणूस आणि यंत्राच्या भागीदारीवर व्यवस्थापनाच्या पुस्तकांतही प्रवचने सुरू झाली. तेव्हाच्या प्रोग्रॅमांत भोके होती आणि ती माणूस बुजवत होता, एवढाच त्या भागीदारीचा अर्थ होता. २०२० मध्ये स्टॉकफिश या प्रोग्रॅमच्या मूल्यमापनात न्यूरल जाळे आले आणि उरलीसुरली बरीच भोके बुजली.

आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ महासंघात प्रोग्रॅमांना परवानगी आहे. घरात बसलेल्या खेळाडूवर पाळत ठेवणार कोण? अमेरिकेच्या बुद्धिबळ महासंघाने आपल्या टपाली स्पर्धांत बंदी ठेवली आहे, पण तिचा भार बराचसा खेळाडूच्या सचोटीवर आहे. परवानगीची किंमत निकालपत्रकात दिसते. २०२२ मध्ये अमेरिकेच्या जॉन एडवर्ड्सने जिंकलेल्या बत्तिसाव्या अंतिम फेरीतले १३६ पैकी बहुतेक डाव बरोबरीत सुटले. त्यांत चुका नाहीत, म्हणून नाट्यही नाही. वाचक म्हणून मला त्यांतला एखादा डाव दुसऱ्यांदा खेळून बघावासा वाटलेला नाही.

तरी ही कला संपली, असे म्हणवत नाही. पटावरचे ग्रँडमास्टर सुरुवातीच्या तयारीसाठी हे डाव चाळतात. तिथे कित्येक महिने तपासलेली चाल असते. टपाली खेळाडूचे काम आता संशोधकासारखे झाले आहे, रणांगण सरकून पहिल्या पंधरा-वीस चालींत आले आहे. म्हणूनच सोंगट्यांची मांडणी बदलून खेळल्या जाणाऱ्या चेस ९६०च्या टपाली स्पर्धांकडे मी आशेने बघतो. तिथे तयार सुरुवातींचा साठा कामाचा नाही, पहिल्या चालीपासून स्वतः विचार करावा लागतो. यंत्र तिथेही बलवानच आहे, पण त्याला कोणता प्रश्न विचारायचा हे ठरवायला माणसाच्या हाती थोडी जास्त जागा उरते.