भय, साक्ष आणि समतोल : बीबीसीच्या अतींद्रियविषयक श्राव्यमालिकांबद्दलच्या श्रोतृमतांची चिकित्सा

प्रस्तावना

पॉडकास्ट अर्थात श्राव्यमालिका हा प्रकार गेल्या दोन दशकांत रुजला. रेडिओवरील कार्यक्रमास ठरलेली वेळ असे आणि तो अनेकदा घरातील सर्वांनी मिळून ऐकला जाई. श्राव्यमालिका मात्र श्रोता आपल्या सवडीने, बहुधा एकट्याने व कानाला हेडफोन लावून ऐकतो. या बदललेल्या श्रवणस्थितीचा लाभ ज्या विषयांना झाला त्यांत अतींद्रिय अनुभवांचे कथन हा एक ठळक विषय होय. ब्रिटनमधील बीबीसीसाठी डॅनी रॉबिन्स यांनी सादर केलेल्या 'द बॅटरसी पोल्टरगाइस्ट' (२०२१), 'अनकॅनी' (२०२१ पासून) आणि 'द विच फार्म' (२०२२) या मालिका या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहेत. 'अनकॅनी'चे २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवर रूपांतर झाले व तिचा रंगमंचीय प्रयोगही सिद्ध झाला.

या मालिकांच्या दर्जाविषयी श्रोते हिरिरीने मते मांडतात. ही मते कोणत्या निकषांवर उभी आहेत, ते निकष परस्परांशी सुसंगत आहेत काय आणि अशा कार्यक्रमाच्या मूल्यमापनासाठी कोणता निकष अधिक ग्राह्य ठरावा, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. भूत असते की नसते हा या लेखाचा विषय नाही.

मालिकांचे स्वरूप व पूर्वपरंपरा

'द बॅटरसी पोल्टरगाइस्ट' ही मालिका लंडनच्या बॅटरसी भागातील वायक्लिफ रोडवरील एका घरात १९५६ मध्ये सुरू झालेल्या घटनांवर आधारित आहे. शर्ली हिचिंग्ज या पंधरा वर्षांच्या मुलीभोवती ठोके, वस्तूंची हालचाल व पुढे लिखित संदेश असे प्रकार घडल्याचे सांगण्यात आले. कुटुंबीयांनी त्या उपद्रवी शक्तीस 'डोनाल्ड' असे नाव दिले होते. हॅरल्ड चिबेट या हौशी संशोधकाने या प्रकरणाच्या विस्तृत नोंदी ठेवल्या. मालिकेत नाट्यप्रवेश आणि चर्चा यांची गुंफण केली असून चिबेटची भूमिका टोबी जोन्स यांनी, तर शर्लीची भूमिका डॅफ्नी कीन यांनी केली. वृद्ध शर्ली हिचिंग्ज स्वतःही मालिकेत बोलतात. 'अनकॅनी'मध्ये साक्षीदार आपला अनुभव स्वतः कथन करतो आणि तज्ज्ञ दोन बाजूंनी त्याची मीमांसा करतात. या बाजूंना 'टीम बिलिव्हर' व 'टीम स्केप्टिक' अशी खेळाच्या संघांसारखी नावे आहेत.

या प्रकारास बीबीसीमध्ये परंपरा आहे. हॅरी प्राइस यांनी १० मार्च १९३६ रोजी केंट परगण्यातील मेओफम येथील एका झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध घरातून थेट प्रक्षेपण केले होते. पुढे ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी 'घोस्टवॉच' हे नाटक थेट वृत्तांताच्या स्वरूपात दाखविण्यात आले. मायकेल पार्किन्सन यांच्यासारखे परिचित निवेदक त्यात असल्यामुळे अनेक प्रेक्षकांनी ते खरे मानले आणि तक्रारींचा भडिमार झाला. नाटक म्हणून ते प्रभावी होते. प्रेक्षकांचा राग त्यातील भयाविषयी नव्हता, तर त्या भयाला सत्याचा वेश चढविल्याविषयी होता. रॉबिन्स यांच्या मालिकांविषयीच्या मतभेदांचे मूळही येथेच सापडते.

श्रोतृमतांची वर्गवारी

या मालिकांविषयीच्या मतांचे स्थूलमानाने चार वर्ग करता येतात. पहिला वर्ग परिणामास महत्त्व देतो. रात्री एकट्याने ऐकवत नाही, ही या वर्गातील श्रोत्याच्या दृष्टीने मालिकेस मिळालेली सर्वांत मोठी पावती होय. दुसरा वर्ग निवेदकाकडे पाहतो. रॉबिन्स यांचा उत्साह व साक्षीदाराशी असलेली त्यांची आस्थेची वागणूक काहींना मालिकेचा प्राण वाटते, तर काहींना त्यांचे वारंवार थक्क होणे अतिरेकी वाटते. तिसरा वर्ग रचनेविषयी बोलतो. मूळ सामग्री थोडी असताना ती ताणली जाते, आधी सांगितलेले पुन्हा सांगितले जाते, असा त्याचा आक्षेप आहे. चौथा वर्ग समतोलाचा आहे. संशयवाद्यांना पुरेसा अवकाश मिळत नाही असे काही श्रोते म्हणतात, तर संशयवाद्यांची स्पष्टीकरणे ओढूनताणून आणलेली असतात असे इतरांचे मत पडते. उभय बाजू असंतुष्ट आहेत म्हणजे कार्यक्रम समतोल आहे, असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे होतो. तो निष्कर्ष मात्र तपासून घ्यावा लागेल.

रस आणि साक्ष

पहिल्या व चौथ्या वर्गातील मते एकाच श्रोत्याच्या तोंडी अनेकदा एकत्र येतात. त्यास भय हवे असते आणि न्यायही हवा असतो. या दोन अपेक्षांतील ताण भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत नेमका मांडता येतो. भयानक रसाचा स्थायिभाव भय हा आहे. तथापि, त्या भयाचा आस्वाद घेता येण्यासाठी भट्टनायकाने सांगितलेले साधारणीकरण व्हावे लागते. 'हे भय माझे', 'हे भय त्याचे' असा व्यक्तिसंबंध गळून पडल्याशिवाय भय आस्वाद्य होत नाही. साक्षीचे स्वरूप याच्या नेमके उलट आहे. साक्ष ही विशिष्ट व्यक्तीची, विशिष्ट स्थळी व विशिष्ट काळी घडलेल्या गोष्टीविषयीची असते. तिचा व्यक्तिसंबंध काढून घेतला तर ती साक्षच राहत नाही.

'अनकॅनी'च्या पहिल्या भागाचे उदाहरण घेता येईल. बेलफास्टमधील क्वीन्स विद्यापीठाच्या वसतिगृहातील ६११ क्रमांकाच्या खोलीत एका विद्यार्थ्यास आलेले अनुभव त्यात आहेत. हा साक्षीदार पुढे वैज्ञानिक झाला. त्याच्या कथनाचे बळ त्याच्या संयमी बोलण्यात आहे. उत्तर आयर्लंडमधील तत्कालीन हिंसक संघर्षाची पार्श्वभूमीही त्या कथनास आहे. श्रोता हे सारे रंजक भयकथा म्हणून ऐकतो तेव्हा तो काळ व ती खोली केवळ वातावरणनिर्मितीची साधने ठरतात. साक्ष म्हणून ऐकतो तेव्हा तेच तपशील तपासाचे धागे होतात : खोलीत कोण राहत होते, झोप पुरेशी होती काय, इतरांनी स्वतंत्रपणे काय अनुभवले. एकाच वाक्याकडून दोन भिन्न कामे अपेक्षिली जातात. श्रोत्यांची मते परस्परविरोधी दिसतात त्याचे कारण अभिरुचीतील फरक एवढेच नाही. मालिका कोणत्या प्रकारात मोडते याविषयी ती स्वतःच दुहेरी भूमिका घेते, हे त्याचे अधिक महत्त्वाचे कारण आहे.

समतोल आणि ध्वनी

समतोलाविषयीची चर्चा बहुधा शब्दांपुरती मर्यादित राहते : कोणत्या तज्ज्ञास किती वेळ मिळाला, शेवटचा शब्द कोणाचा होता. श्राव्य माध्यमात मात्र पारडे केवळ शब्दांनी झुकत नाही. साक्षीदार बोलत असताना त्याच्या कथनामागे संगीत व ध्वनिपरिणाम असतात. संशयवादी तज्ज्ञ निद्राजन्य पक्षाघाताचे स्पष्टीकरण देतो तेव्हा त्यास असे साहाय्य क्वचितच लाभते. 'बॅटरसी'च्या नाट्यप्रवेशांत हा भेद अधिकच ठळक होतो. तेथे ठोके प्रत्यक्ष ऐकू येतात. ते कोणी माणसाने दिले असण्याची शक्यता चर्चेत सांगितली जाते, पण नाट्यरूपाने घडविली जात नाही. एका बाजूचे म्हणणे श्रोत्याच्या कानांसमोर घडते आणि दुसऱ्या बाजूचे केवळ कथन होते.

ध्वनीचा हा प्रभाव गौण मानता येणार नाही, हे या मालिकांतील तज्ज्ञांच्याच संशोधनावरून दिसते. संशयवादी बाजू मांडणारे किआरन ओकीफ हे २००३ मध्ये लंडनच्या पर्सेल रूममध्ये झालेल्या एका प्रयोगात सहभागी होते. त्यात संगीताच्या काही तुकड्यांमध्ये सुमारे १७ हर्ट्झचा अवश्राव्य ध्वनी मिसळण्यात आला आणि त्या वेळी सुमारे २२ टक्के श्रोत्यांनी अस्वस्थता, थरथर, अकारण भीती अशा विचित्र संवेदना नोंदविल्या. क्रिस्टोफर फ्रेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच्या पुढे जातो. एका कृत्रिम खोलीत ७९ व्यक्तींना ठेवून विद्युतचुंबकीय क्षेत्र व अवश्राव्य ध्वनी यांचा परिणाम पाहण्यात आला. अनेकांनी असामान्य अनुभव सांगितले, परंतु त्यांचा त्या क्षेत्राशी वा ध्वनीशी संबंध आढळला नाही. येथे काहीतरी विचित्र जाणवू शकेल, ही पूर्वसूचनाच त्या अनुभवांचे अधिक संभाव्य कारण ठरली.

पूर्वसूचना अनुभव घडवू शकते, हे फ्रेंच यांच्या प्रयोगाचे सार आहे. फ्रेंच स्वतः 'अनकॅनी'त तज्ज्ञ म्हणून बोलतात. असे असता त्यांचे विवेचन ज्या ध्वनिसंयोजनात बसविले जाते ते श्रोत्यास सातत्याने पूर्वसूचनाच देत असते. हा केवळ तांत्रिक दोष नव्हे. श्रोत्याला निर्णायक म्हणून बोलावून त्याच्या निर्णयक्षमतेवरच प्रभाव टाकण्याचा हा प्रकार आहे.

श्रोता : सहसंशोधक की सहभागी?

या मालिकांत श्रोत्यांनी पाठविलेले तर्क व अनुभव पुढील भागांत विचारात घेतले जातात. श्रोत्यास मिळालेले हे स्थान मालिकेचा सर्वांत स्तुत्य विशेष मानला जातो व त्यात तथ्य आहे. साक्षीदाराची टिंगल न करता त्याचे म्हणणे ऐकून घेणारा समूह त्यामुळे तयार झाला. भोगलेला अनुभव हसण्यावारी नेला जाईल या धास्तीने अनेक वर्षे गप्प राहिलेल्या माणसास असा समूह मिळणे मोलाचे आहे.

तथापि, या सहभागाची मर्यादाही नोंदवावी लागेल. लंडनमध्ये १८८२ मध्ये स्थापन झालेल्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेने १८९४ मध्ये भ्रमानुभवांच्या गणनेचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी १७,००० व्यक्तींना एकच प्रश्न विचारण्यात आला होता आणि सुमारे दहा टक्क्यांनी होकारार्थी उत्तर दिले. त्या पद्धतीवर पुढे टीका झाली. परंतु त्या गणनेत 'नाही' म्हणणाऱ्यांचीही नोंद होती, ही बाब लक्षणीय आहे. श्राव्यमालिकेकडे पत्र पाठविणारा श्रोता स्वतःहून पुढे आलेला असतो. त्याच वसतिगृहात राहून ज्यास काहीही जाणवले नाही तो सहसा पत्र पाठवीत नाही. परिणामी नवे अनुभव जमा होत जातात व संख्येलाच पुराव्याचे रूप येते. मालिका जितकी लोकप्रिय, तितका हा दोष वाढत जातो.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या मालिकांविषयीची श्रोतृमते प्रामुख्याने दोन निकषांभोवती फिरतात : भयाची तीव्रता आणि बाजूंचा समतोल. पहिला निकष कथेस योग्य आहे, पण साक्षीस अपुरा आहे. दुसरा निकष योग्य दिशेचा असला तरी तो मिनिटे व शब्द मोजण्यावर थांबतो. शिवाय दोन संघांची रचना दोन्ही शक्यता समबल आहेत असे सुचविते. पुरावा मात्र दरवेळी समसमान विभागलेला असतोच असे नाही.

म्हणून साक्षीदाराशी व श्रोत्याशी राखलेला प्रामाणिकपणा हा तिसरा निकष येथे सुचविला आहे. साक्षीदाराचे कथन किमान एकदा पार्श्वसंगीताविना ऐकविले जाते काय, पर्यायी स्पष्टीकरणासही नाट्यरूप मिळते काय आणि ज्यांना काही जाणवले नाही त्यांचा शोध घेतला जातो काय, हे तीन प्रश्न त्यासाठी पुरेसे आहेत. रॉबिन्स यांच्या मालिकांनी साक्षीदारास प्रतिष्ठा दिली, हे त्यांचे निर्विवाद यश होय. तथापि, ज्याची साक्ष गांभीर्याने घ्यायची त्याच्या शब्दांना संगीताचा आधार देण्याची गरज भासावी, यात त्या प्रतिष्ठेला बाधा येते. साक्षीदाराच्या साध्या आवाजावर विश्वास टाकणारी मालिका कदाचित कमी भीतिदायक होईल. मात्र तिच्याविषयी मत देणाऱ्या श्रोत्यास ते मत आपले स्वतःचे आहे, असे अधिक खात्रीने म्हणता येईल.