मागच्या टायरचं रसग्रहण

मराठीत कवितेचे समीक्षक आहेत, नाटकाचे आहेत, मिसळीचे तर गल्लोगल्ली आहेत. टायरकडे मात्र कोणी समीक्षकाच्या नजरेनं पाहिलेलं नाही. वास्तविक आमच्या भागातल्या तरुण मंडळींचा सर्वांत सखोल व्यासंग कशाचा असेल, तर तो मोटरसायकलच्या मागच्या टायरच्या रुंदीचा! शंभर सीसीची साधी गाडी घ्यायची, पुण्याच्या नाना पेठेत न्यायची आणि मागे म्हशीच्या पाठीएवढा टायर चढवून आणायचा, अशी ही रसिकता. तिची समीक्षा करायला कोणीतरी पुढं यायलाच हवं. मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. छापलेले आकडे नीट वाचणं, एवढीच माझी पात्रता. पण टायरच्या बाबतीत तेवढी पुरते, असं माझं नम्र मत आहे.

कारण टायर ही मुळात वाचायची गोष्ट आहे. माझ्या स्प्लेंडरच्या मागच्या टायरवर ८०/१००-१८ असं उमटवलेलं आहे. ८० ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. १०० ही उंची, पण ती मिलिमीटरमध्ये नव्हे, रुंदीच्या शेकडा. आणि १८ हा रिमचा व्यास, तो इंचांत! मिलिमीटर, टक्के आणि इंच एका ओळीत गुण्यागोविंदानं नांदताहेत. पुढं ५४पी. यातले ५४ म्हणजे हा टायर २१२ किलोंचा भार घेईल. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंत चालेल. एक विशेषण नाही, एक उद्गारचिन्ह नाही. इतकं प्रामाणिक गद्य आमच्या बँकेच्या परिपत्रकातसुद्धा आढळत नाही.

माझ्या भाच्याला हे गद्य पटत नाही. त्याची गाडी माझ्याच जातीची, पण तिला १००/९०-१८ हवा. “मामा, मागनं गाडी कशी भरलेली दिसली पाहिजे!” मी विड्रॉवल स्लिपच्या पाठीवर हिशेब मांडला. टायरची उंची ८० वरून ९० होते, म्हणजे चाकाचा व्यास २० मिलिमीटरनं वाढतो. चाकाच्या एका फेऱ्यात गाडी सुमारे ६ सेंटिमीटर जास्त जाते. भाचा खूश. “म्हणजे फुकटच की!” आता बँकेत फुकट काही नसतं, तसं ते गिअरबॉक्समध्येही नसतं. इंजिन तेच, साधारण ८ अश्वशक्तीचं. त्याला आता तीन टक्क्यांनी मोठं आणि शिवाय जड चाक ओढायचंय. पेट्रोल जास्त जाणार आणि कात्रजच्या चढावर, मागे आमच्या ताई बसल्या असताना, गिअर एक पायरी आधीच उतरवावा लागणार.

“पण मामा, ग्रिप?” हा त्याचा हुकमाचा पत्ता. रुंद टायर म्हणजे जमिनीवर जास्त पकड, असं सगळेच धरून चालतात. पण वजन तेच आणि हवेचा दाब तोच असेल, तर जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ फारसं बदलत नाही. बदलतो तो त्याचा आकार. आधी लांबट होतं, ते आता आडवं होतं. सेव्हिंग्जमधले पैसे फिक्समध्ये टाकले म्हणून माणूस श्रीमंत होत नाही, तसलाच प्रकार.

त्यात रिम राहते जुनीच, अरुंद. पोट सुटलेल्या गृहस्थानं कॉलेजातला पट्टा आवळावा, तशी त्या टायरची अवस्था होते. दोन्ही बाजू आत दबतात, मधला भाग फुगून वर येतो आणि एवढा पैसा ओतून रस्त्याला टेकते ती मधलीच पट्टी. शिवाय टायर चेन कव्हरला घासतोय का, हे बघत बसायचं ते वेगळंच.

याचा अर्थ रुंद टायर वाईट, असा नव्हे. २००८ साली यामाहानं एफझी-१६ आणली, तिला मागे चांगला १४०/६०-१७ होता आणि शोभतही होता. कारण तिची रिम, तिचा सांगाडा, सगळं त्या टायरच्या हिशेबानंच रचलेलं. तिथं तो मूळ संहितेतला होता. स्प्लेंडरवर तोच चढवला तर प्रक्षिप्त ठरतो. उलट आमच्या पिढीची बजाज चेतक पाहा. पुढचा, मागचा आणि स्टेपनी, तिन्ही ३.५०-१०. सख्खे भाऊ, कोणीही कोणाच्या जागी उभा राहावा.

या रसिकतेवर माझा खरा आक्षेप निराळाच आहे. मागच्या टायरवर हजारो रुपये उधळणाऱ्या गाड्यांचा पुढचा टायर जरा वाकून पाहा. पुष्कळदा तो आमच्या हेडक्लार्कच्या डोक्यासारखा गुळगुळीत असतो. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढं येतो; थांबवायचं बहुतेक काम पुढचा टायरच करतो. म्हणजे कष्ट पुढच्याचे आणि बढती मागच्याला! ऑफिसात हे आम्ही वर्षानुवर्षं सोसलं. पण ऑफिसात निदान कोणी ओल्या रस्त्यावर घसरून पडत नाही.

तेव्हा समीक्षकाचा निर्वाळा असा. फारच हौस असेल तर एक पायरी वर जावं : ९०/९०-१८. याची उंची ८१ भरते, त्यामुळे गिअरचा हिशेब जवळपास तोच राहतो. आपल्या रिमला तो चालतो का, हे टायर कंपनीच्या तक्त्यात पाहून घ्यावं. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. शिळा चेक आपण घेत नाही, मग शिळा टायर का घ्यावा? उरलेल्या पैशांतून पुढचा टायर बदलावा.

आणि सौंदर्याचंच म्हणाल, तर चालवणाऱ्याला आपला मागचा टायर चालवताना कधी दिसतच नाही. तो दिसतो मागून येणाऱ्याला. आणि मागून येणारा असतो घाईत. त्याला तुमचा टायर बघायचा नसतो, फक्त साइड हवी असते.