‘डर’ कुणाचा, आठवण कुणाची?

यश चोप्रा दिग्दर्शित ‘डर’ हा चित्रपट डिसेंबर १९९३ मध्ये पडद्यावर आला. त्याला आता तीस वर्षे उलटून गेली, तरी तो विस्मरणात गेलेला नाही. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी मुले आज वर्गात ‘क’ अक्षरावर अडखळून त्यातल्या नायिकेचे नाव घेतात आणि सगळा वर्ग हसतो. चित्रपटाचे नाव मात्र ‘डर’ आहे आणि हा डर किरणचा आहे. ज्या चित्रपटाच्या नावात एका मुलीची भीती आहे, त्याची आठवण लोकांनी तिला भिवविणाऱ्याच्या लकबीने का जपली? या लेखात मला याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. किरण (जुही चावला) सिमल्याला कॉलेजात शिकते. नौदलात असलेल्या सुनीलवर (सनी देओल) तिचे प्रेम आहे. तिच्याच कॉलेजातला राहुल (शाहरूख खान) तिच्यासाठी वेडा झाला आहे, पण समोर येऊन बोलण्याचे धाडस त्याच्यात नाही. तो फोन करतो, पाठलाग करतो, होळीच्या गर्दीत तोंडाला रंग फासून तिच्या घरात शिरतो, चाकूने स्वतःच्या छातीवर तिचे नाव कोरतो. सुनीलचा काटा काढण्याचा प्रयत्नही करतो. किरण आणि सुनील लग्न करून स्वित्झर्लंडला जातात, तर तो तिथेही पोहोचतो. शेवटी सुनील त्याला ठार करतो.

कथा अशी सांगितली, तर राहुल खलनायक ठरतो. पण चित्रपट म्हणजे नुसती कथा नव्हे. ‘जादू तेरी नजर’ हे गाणे आठवा. गाणारा किरणला दिसत नाही. तिला वाटते, सुनीलच कुठेतरी लपून गातो आहे. ती लाजते, हसते, त्याला शोधत फिरते. म्हणजे राहुलचा आवाज आपल्या कानावर पडतो तो तिच्या चेहऱ्यावरच्या आनंदासह. भीती नंतर येते, गोडी आधी लागते. आनंद बक्षी यांच्या त्या गीताचा मथितार्थ असा, की तू होकार दे अथवा नकार दे, तू माझीच आहेस. हे वाक्य कोणी धमकीच्या सुरात म्हटले असते तर प्रेक्षक दचकले असते. उदित नारायणच्या मधुर आवाजात आणि शिव-हरी यांच्या सुरावटीत ते लग्नाच्या वरातीत वाजू लागले. नकाराला काही किंमत नाही, हे सांगणारे गाणे प्रेमगीत म्हणून घरोघर पोहोचले, याचा विचार फारसा कोणी केला नाही.

या चित्रपटाची पटकथा हनी इराणी यांची आणि संवाद जावेद सिद्दीकी यांचे आहेत. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’च्या संवादलेखनातही ज्यांचा वाटा होता, ते हेच जावेद सिद्दीकी. उर्दू त्यांच्या लेखणीत मुरलेली आहे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते, म्हणून मला हा भाग अधिक जवळचा वाटतो. इश्क, जुनून, दीवानगी हे शब्द आमच्या पाठ्यपुस्तकातल्या गझलांतून येतात आणि हिंदी चित्रपटांतूनही येतात. विद्यार्थ्यांना दोन्हीकडचा अर्थ एकच वाटतो. राहुललाही लोक आजचा मजनू म्हणतात. हे म्हणणे कितपत खरे आहे, ते तपासून पाहिले पाहिजे.

बाराव्या शतकात निजामी गंजवी यांनी फारसीत लैला-मजनूची मसनवी लिहिली. त्यातला एक प्रसंग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. नौफल नावाचा सरदार मजनूची कीव येऊन लैलाच्या कबिल्याशी लढाई करतो. लढाई मजनूसाठी चालली आहे, पण मजनूचे मन लैलाच्या माणसांच्या बाजूने असते. ती तिची माणसे आहेत, त्यांना इजा झालेली त्याला पाहवत नाही. पुढे लैलाचे लग्न इब्ने सलामशी होते. मजनू त्याच्या जिवावर उठत नाही. तो रानात जातो आणि श्वापदांत राहतो. त्याच्या जुनूनची झळ त्याला स्वतःला लागते.

‘डर’चा राहुल याच्या नेमका उलट आहे. मजनू वस्ती सोडून वाळवंटात गेला, हा मात्र तिच्या घरात शिरला. मजनूने रकीबाला जगू दिले, याने त्याच्यावर हत्यार उचलले. गझलेतला आशिक माशूकची बदनामी होऊ नये म्हणून तिचे नाव ओठांवर येऊ देत नाही. रुसवाईचे भय हा त्या शायरीचा एक नियमच आहे. राहुल तिच्या घराच्या भिंतींवर तिचे नाव रंगवतो. गझलेत माशूकचा नकार अटळ मानला आहे, सारी शायरी तो नकार सोसण्यातून जन्मते. चित्रपटाने गझलेकडून शब्द उसने घेतले आणि त्यांच्यासोबत येणारी बंधने तिथेच ठेवून दिली. अदब वगळून घेतलेला इश्क हा नुसता हट्ट असतो, मग तो कितीही सुंदर भाषेत बोलो.

मात्र सारा दोष चित्रपटाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. आमच्या शायरीतही माशूक जालीम आहे, कातिल आहे, बेवफा आहे; पण तिचे स्वतःचे म्हणणे काय, हे शतकानुशतके कोणी विचारले नाही. तिच्या गल्लीत रोज चकरा मारणारा आशिक तिला हवा होता का, याचे उत्तर जुन्या दिवानांत फारसे सापडत नाही. परवीन शाकिर यांचा ‘खुशबू’ हा संग्रह १९७६ मध्ये आला आणि उर्दू गझलेत मुलगी स्वतः ‘मी’ म्हणून बोलू लागली, म्हणून तर त्या संग्रहाचे एवढे महत्त्व आहे. ‘डर’ त्यानंतर सतरा वर्षांनी आला, तरी त्यातली किरण जुन्या माशूकसारखीच मुकी आहे. ती घाबरते, रडते, किंचाळते. जुही चावलाने ती भीती मनापासून रंगवली आहे. पण किरणचे शिक्षण, तिच्या आवडीनिवडी, तिचा राग यांतले काहीच आपल्याला कळत नाही. एक पुरुष तिला मिळवू पाहतो, दुसरा तिचे रक्षण करतो. चित्रपटाचा निकाल त्या दोघांच्या मारामारीत लागतो.

आता यातला सर्वांत बोचणारा मुद्दा. पाठलाग राहुल करतो, पण घर सोडावे लागते किरणला. तिच्या माणसांचे प्रेम खरे आहे, तरीही तिला दूर नेणे हाच उपाय त्यांना सुचतो. हे मला पडद्यापुरते वाटत नाही. मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षिकेला विचारा. सातवी-आठवीतली हुशार मुलगी अचानक यायची बंद होते. चौकशी केली की कळते, रस्त्यात कोणी मुलगा मागे येत होता. मुलगा त्याच कोपऱ्यावर उभा असतो, दप्तर मात्र मुलीचे खुंटीला लागते. काही घरांत लगेच लग्नाची बोलणी सुरू होतात. म्हणूनच पुष्कळ मुली घरी काही सांगतच नाहीत. सांगितले तर शाळा सुटेल, हे त्यांना पक्के ठाऊक असते. पाठलाग करणाऱ्याची खरी ताकद या मौनात आहे. किरणचा डर राहुलपुरता होता. आमच्या मुलींना दोन डर असतात, एक रस्त्यावरचा आणि दुसरा घरातला.

१९९३ मध्ये आपल्या कायद्यात पाठलाग असा स्वतंत्र गुन्हाच नव्हता. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आले. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. स्त्रीने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही वारंवार तिच्या मागे जाणे, संपर्क साधणे, इंटरनेटवर तिच्यावर नजर ठेवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे गाण्यातल्या नायकाला ज्या नकाराची पर्वा नव्हती, तो नकार कायद्याने शेवटी मोजला. राहुलच्या हाती घरचा टेलिफोन होता, आजच्या मुलाच्या खिशात मोबाईल आहे. त्यामुळे ही तरतूद मुलींना आणि त्यांच्या पालकांना ठाऊक असणे अधिकच निकडीचे झाले आहे.

राहुलच्या बाजूने एक गोष्ट सांगितली जाते. तो मनोरुग्ण आहे, मेलेल्या आईशी फोनवर बोलतो, बाप दूर राहिलेला आहे. ते दृश्य शाहरूख खानने अंगावर काटा येईल असे केले आहे आणि त्या अभिनयाचे मोल मी कमी करणार नाही. पण आजाराबद्दल करुणा वाटणे वेगळे आणि आजाराला प्रेमाचे नाव देणे वेगळे. चित्रपट ही रेषा पुसट करतो. शिवाय अडखळत बोलणे हा कित्येक मुलांचा रोजचा त्रास आहे. त्याची नक्कल एवढी लोकप्रिय झाली, की वर्गात उभे राहून वाचताना अडखळणाऱ्या मुलाला आजही तोच टोमणा ऐकावा लागतो.

‘डर’नंतर ‘अंजाम’ (१९९४) आला. त्यात माधुरी दीक्षितने रंगवलेली स्त्री स्वतः हिशेब चुकता करते, पण लोकांनी ‘डर’ जास्त लक्षात ठेवला. ‘तेरे नाम’ (२००३) आणि ‘रांझणा’ (२०१३) यांत तर मागे लागणारा मुलगा थेट नायकच झाला. त्या मानाने ‘डर’ प्रामाणिक म्हणावा लागेल. त्याने निदान आपल्या नावात मुलीच्या भीतीची नोंद ठेवली.

म्हणून हा चित्रपट मुलांना दाखवू नका, असे मी म्हणणार नाही. नववी-दहावीच्या मुलांनी आणि मुलींनी तो जरूर पाहावा, पण पाहून झाल्यावर शिक्षकाने त्यांना एक साधे काम द्यावे: हीच गोष्ट किरणच्या तोंडून एका पानात लिहा. जो मुलगा ते पान मनापासून लिहील, त्याला इश्क आणि हट्ट यांतला फरक समजावण्यासाठी वेगळा धडा लागणार नाही. आणि जी मुलगी ते लिहील, ती कदाचित घरी तोंड उघडण्याचे धाडस करील. तेव्हा तिची शाळा सुटू न देणे, हे मात्र आपले काम आहे.