नृत्यवादकांचा प्रबंध आणि गुन्हेशास्त्र : हॉवर्ड बेकर यांच्या पदव्युत्तर संशोधनाची चिकित्सा

पदव्युत्तर प्रबंधाकडे अभ्यासक्रमातील एक उपचार म्हणून पाहण्याची सवय आपल्या विद्यापीठीय व्यवहारात रुजली आहे. गृहीतके, प्रश्नावली, शेकडेवारीची कोष्टके आणि शेवटी शिफारशी, या ठरलेल्या वाटेने गेलेले प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने एम. फिल. ही पदवी बंद झाली. त्यामुळे पीएच. डी.पूर्वी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली दीर्घ संशोधन करण्याची मुख्य संधी म्हणून पदव्युत्तर प्रबंधच उरला आहे. अशा वेळी ज्या प्रबंधाची सामग्री पुढे गुन्हेशास्त्राच्या विचारालाच वळण देणाऱ्या ग्रंथात सामावली गेली, त्याची घडण तपासणे उपयुक्त ठरेल.

हॉवर्ड बेकर (१९२८-२०२३) यांनी १९४९ मध्ये शिकागो विद्यापीठात एम. ए.साठी सादर केलेला प्रबंध नृत्यसंगीत वाजवणाऱ्या व्यावसायिक वादकांवर होता. बेकर स्वतः रात्री मद्यगृहांत व क्लबांत पियानो वाजवीत. क्षेत्रकार्याच्या वर्गासाठी त्यांनी तेथील अनुभवांच्या नोंदी केल्या व त्या अर्नेस्ट बर्जेस यांना दाखविल्या. बर्जेस यांनी त्यांना व्यवसायांच्या समाजशास्त्राचे अभ्यासक एव्हरेट ह्यूज यांच्याकडे पाठविले. मार्गदर्शनाचा खरा आरंभ येथे होतो. वादक आपल्या श्रोत्यांविषयी तुच्छतेने बोलतात, ही बाब ह्यूज यांना महत्त्वाची वाटली. प्रतिष्ठित व्यवसायातील माणसे आपल्या आश्रयदात्यांविषयी जे मनात ठेवतात, ते कमी प्रतिष्ठेच्या व्यवसायातील माणसे उघड बोलतात, हा त्यामागील विचार होता. विद्यार्थ्याच्या हाती जे आधीच होते, ते सामग्री म्हणून ओळखण्याचे काम मार्गदर्शकाने केले. त्याने नवा विषय ‘दिला’ नाही, ही गोष्ट आपल्याकडील विषयवाटपाच्या पार्श्वभूमीवर लक्षात घेण्याजोगी आहे.

प्रबंधाची सामग्री १९४८ व १९४९ या वर्षांतील सुमारे अठरा महिन्यांच्या सहभागी निरीक्षणातून आली. औपचारिक मुलाखती थोड्या होत्या. भर होता तो वादकांचे नेहमीचे बोलणे ऐकून टिपण्यावर. त्यातून दिसले ते असे : वादक स्वतःला वेगळ्या जातकुळीचे मानतात आणि संगीत न कळणाऱ्या श्रोत्याला ‘स्क्वेअर’ म्हणतात. मात्र पोट त्याच श्रोत्यावर अवलंबून असल्याने त्याच्या फर्माइशी पुरविणे आणि आपल्या मनाचे जॅझ वाजविणे यांतील ओढाताण त्यांच्या साऱ्या कारकिर्दीला व्यापून राहते. मंचावरील वाद्यांची मांडणीसुद्धा श्रोत्यांना दूर ठेवण्यासाठी वापरली जाते. असा तपशील प्रश्नावलीतून कधीच हाती आला नसता.

यात गुन्हेशास्त्र कोठे आहे, असा प्रश्न साहजिक आहे. हे वादक गुन्हेगार नव्हते. त्यांचा व्यवसाय कायदेशीर होता. १९४९ मध्ये हा प्रबंध व्यवसायाचा अभ्यास होता. १९६३ च्या ‘आउटसायडर्स’ या ग्रंथात बेकर यांनी ही सामग्री गांजा ओढणाऱ्यांच्या अभ्यासाशेजारी आणि १९३७ च्या गांजाविरोधी करकायद्याच्या चिकित्सेशेजारी ठेवली, तेव्हा तिचा अर्थ पालटला. विचलन हा कृतीचा अंगभूत गुण नसून नियम करणारे व ते लावणारे यांच्या व्यवहाराचा परिणाम आहे, हा सिद्धान्त त्या मांडणीतून पुढे आला. म्हणजे सिद्धान्त प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात बांधून ठेवलेला नव्हता. तो चौदा वर्षांनी ग्रंथरूपात आकाराला आला.

तथापि हा प्रबंध निर्दोष नाही. ज्यांचे निरीक्षण केले त्यांपैकी बहुतेकांना आपला अभ्यास होत असल्याचे ठाऊक नव्हते, हे बेकर यांनीच नमूद केले आहे. आजची कोणतीही नीतिसमिती या पद्धतीला संमती देणार नाही, आणि तिचे ते म्हणणे केवळ कागदी ठरणार नाही. दुसरे असे की, वादकांच्या बाजूने पाहताना श्रोता कायम मुकाच राहतो. वादकांच्या पत्नी येतात त्या बहुतांशी नवऱ्याच्या कारकिर्दीवरील दडपण म्हणून, आणि त्याही नवऱ्यांच्या तोंडून. त्या काळी शिकागोत गोऱ्या व कृष्णवर्णीय वादकांच्या संघटना वेगवेगळ्या होत्या. त्या १९६६ मध्ये एकत्र झाल्या. ‘बाहेरचे’ कोण, असे विचारणाऱ्या अभ्यासात वर्णाची ही भिंत विश्लेषणाच्या केंद्रस्थानी येत नाही, हे मोठेच न्यून म्हणावे लागेल. संशोधकाने कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न बेकर यांनी १९६७ मध्ये स्वतः उपस्थित केला. १९६८ मध्ये आल्विन गोल्डनर यांनी त्यावर कठोर टीका केली. त्या वादाचे बीज या प्रबंधातच दिसते.

‘आउटसायडर’ या शब्दाला मराठीत ‘उपरा’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, आणि तो सुचताच लक्ष्मण माने यांचे त्याच नावाचे आत्मकथन (१९८०) आठवते. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) तर थेट गुन्हेशास्त्राच्या प्रांतात येते. १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरविलेल्या जमातींवरील तो शिक्का १९५२ मध्ये कायद्यातून गेला, पोलीस ठाण्याच्या व्यवहारातून सहजी गेला नाही. नियम लावणारा विचलन कसे घडवितो, याचे याहून ठसठशीत उदाहरण शिकागोच्या मद्यगृहांत सापडणार नाही. तरीही मराठीत हे ज्ञान प्रामुख्याने आत्मकथनातून आले. अशा वस्तीतील विद्यार्थी आज पदव्युत्तर वर्गात बसतो, तेव्हा त्याला स्वतःच्या वस्तीपासून ‘तटस्थ’ राहण्याचा सल्ला मिळण्याचा संभव अधिक.

येथील प्रश्न बेकर यांच्यापुढील प्रश्नापेक्षा अवघडही आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा क्षेत्रीय उपक्रम १९९० पासून कोठडीतील व तुरुंगातील व्यक्तींसमवेत काम करीत आला आहे. अशा क्षेत्रात उतरणाऱ्या विद्यार्थ्यासमोर न्यायाधीन बंदी बसलेला असतो. त्याचा खटला उभा असतो आणि शेजारी तुरुंग कर्मचारी असतो. त्याने दिलेली संमती कितपत स्वेच्छेची? त्याने बोलता बोलता सांगितलेली, खटल्यात त्याच्याविरुद्ध जाऊ शकणारी गोष्ट वहीत लिहावी की नाही? बेकर आपली नोंद क्लबमधून घरी परतल्यावर करू शकत होते. तुरुंगाच्या फाटकावर मात्र वही तपासली जाऊ शकते. त्या वहीत काय उतरवावे, हे फाटकाशी पोहोचण्यापूर्वी विद्यार्थ्याबरोबर बसून ठरविणे हे मार्गदर्शकाचेच काम आहे, आणि मूल्यमापनाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नसतो.