मुक्त ज्ञानकोशाचे संपादन-नियम आणि आपली ज्ञानव्यवस्था : एक चिकित्सा

प्रस्तावना :

मराठीला कोशवाङ्मयाची समृद्ध परंपरा आहे. ज्ञानकोशकार श्री. व्यं. केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे मराठी विश्वकोशाची उभारणी झाली. या कोशांचे प्रामाण्य संपादकाच्या आणि नोंदलेखकाच्या अधिकारावर उभे होते. १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झालेल्या व १ मे २००३ पासून मराठीत अवतरलेल्या विकिपीडियाने हा आधारच बदलला. येथे लेखकाची पदवी विचारली जात नाही. त्याने नियम पाळला की नाही, हे पाहिले जाते. प्रामाण्य व्यक्तीकडून नियमाकडे सरकले. म्हणूनच हे नियम काय शिकवतात व कोठे अपुरे पडतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियमांचे स्वरूप :

विकिपीडियापूर्वी मार्च २००० मध्ये त्याच्या संस्थापकांनी 'न्युपीडिया' हा तज्ज्ञलिखित कोश सुरू केला होता. त्यात प्रत्येक लेखाला परीक्षणाच्या सात पायऱ्या चढाव्या लागत. परिणामी पूर्ण झालेल्या लेखांची संख्या अत्यल्प राहिली. विकिपीडियाने हा क्रम उलटा केला : आधी प्रकाशन, नंतर परीक्षण. या मोकळिकीला शिस्त लावणारे तीन प्रमुख नियम म्हणजे तटस्थ दृष्टिकोन, पडताळण्याजोगा संदर्भ आणि मूळ संशोधनास मनाई. यांखेरीज प्रताधिकाराचे बंधन व विषयाच्या उल्लेखनीयतेचा निकष आहेच. गमतीचा भाग असा की, कोशाच्या सुधारणेत नियम आड येत असेल तर तो बाजूला ठेवावा, हाही येथील अगदी आरंभीचा एक नियम आहे.

हे नियम पाठांतराने येत नाहीत. मराठी विकिपीडियावर सरावाच्या पानाला 'धूळपाटी' म्हणतात. जुन्या शाळेतील मूल धुळीवर अक्षर गिरवी, पुशी व पुन्हा गिरवी. नवा संपादकही तसाच शिकतो. त्याचे वाक्य दुसरा कोणी उलटवतो, चर्चापानावर कारण विचारले जाते आणि प्रत्येक बदल पानाच्या इतिहासात राहतो. चूक पुसली जाते, पण तिची नोंद सहसा पुसली जात नाही. संशोधनपद्धतीचा याहून प्रत्यक्ष पाठ आपल्या अभ्यासक्रमात क्वचितच असेल.

पुण्यातील प्रयोगाचा बोध :

२०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातील काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी 'इंडिया एज्युकेशन प्रोग्रॅम' राबविला. विद्यार्थ्यांनी आपल्या अभ्यासविषयांवर लेख लिहावेत, अशी योजना होती. प्रत्यक्षात पुस्तकांतील व संकेतस्थळांवरील मजकूर मोठ्या प्रमाणावर जसाच्या तसा उतरविला गेला. तो शोधून काढण्याचा भार अन्य स्वयंसेवी संपादकांवर पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस उपक्रम थांबवावा लागला.

या अपयशाचे खापर केवळ विद्यार्थ्यांच्या माथी फोडणे न्याय्य ठरणार नाही. पाठ्यपुस्तकातील वाक्य उत्तरपत्रिकेत हुबेहूब उतरविणाऱ्यास आपण गुण देतो. तेच वाक्य कोशात उतरविले की तो प्रताधिकारभंग होतो. ज्या कृतीला वर्गात बक्षीस मिळते तिलाच कोशात दोष लागतो, ही विसंगती विद्यार्थ्याची नाही. ती आपल्या परीक्षापद्धतीची आहे. संपादनाचे नियम शिकविण्यापूर्वी 'स्वतःच्या शब्दांत लिहिणे' म्हणजे काय, हे आपण शिकविले होते काय?

नियमांच्या मर्यादा :

तथापि हे नियम निर्दोष आहेत असे नाही. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा पुरेशा स्वतंत्र संदर्भांअभावी मे २०१८ मध्ये नाकारण्यात आला. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. ज्याच्याविषयी आधी छापून आले आहे त्यालाच कोशात स्थान मिळते, हा या नियमाचा अटळ परिणाम होय. मौखिक परंपरेच्या संदर्भात तो अधिक तीव्र होतो. जात्यावरची ओवी, गोंधळ्याचे कवन, एखाद्या बोलीतील शेतीचे शब्द यांची साक्ष माणसे देतात, पुस्तके क्वचितच देतात. २०११ मध्येच भारत व दक्षिण आफ्रिकेत ध्वनिमुद्रित मुलाखतींना संदर्भ मानण्याचा प्रयोग झाला. परंतु तो सर्वमान्य झाला नाही.

मग नियम शिथिल करावा काय? प्रस्तुत लेखकाच्या मते, नाही. संदर्भाची अट सैल केली की ओवीच्या आधी आत्मस्तुती, कुलगौरव व जातीय अभिनिवेश आत शिरतील. दुर्बळाचे संरक्षण करणारा नियम मोडला की पहिला लाभ प्रबळालाच होतो. उपाय कोशाच्या बाहेर आहे. मूळ संशोधनास कोशात मनाई आहे, याचा अर्थ ते अन्यत्र आधी प्रसिद्ध झाले पाहिजे. ही जबाबदारी विद्यापीठांची, महाविद्यालयांची आणि अशाच नियतकालिकांची आहे. परिसरातील लोककलावंतांवरील क्षेत्रीय अभ्यास काटेकोरपणे तपासून प्रसिद्ध झाला व सर्वांना वाचावयास उपलब्ध राहिला, तरच उद्याचा संपादक त्याचा आधार घेऊ शकेल. केवळ पदोन्नतीच्या गुणांसाठी छापलेला व कोणी न वाचलेला निबंध हा संदर्भ ठरत नाही.

समारोप :

मुक्त ज्ञानकोशाचे नियम शिकणे म्हणजे केवळ तांत्रिक कौशल्य मिळविणे नव्हे. प्रत्येक विधानामागे 'कशावरून?' हा प्रश्न उभा करण्याची ती सवय आहे. मराठी विकिपीडियावरील उणिवांकडे प्राध्यापकवर्ग अनेकदा उपहासाने पाहतो. परंतु त्यांतील पुष्कळशा उणिवा आपण न लिहिलेल्या, न तपासलेल्या वा कपाटात बंद ठेवलेल्या संशोधनाच्या आहेत. कोशातील रिकामी जागा भरण्याचे काम संपादकाइतकेच, किंबहुना त्याच्याही आधी, अध्यापक-संशोधकाचे आहे.