दोन दशांश स्थळांची गुणवत्ता

पदार्थविज्ञानाच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला आपण विद्यार्थ्याच्या हाती व्हर्नियर कॅलिपर देतो. गोळ्याचा व्यास मोजण्याआधी दोन प्रश्न विचारतो. लघुतम माप किती? शून्य त्रुटी किती? ही न लिहिता नुसते उत्तर मांडणाऱ्याचे जर्नल आपण परत करतो. मात्र महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारावर '३.२६' असा फलक लागला, की हेच प्रश्न विचारायचे आपण विसरतो.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणारी 'नॅक' ही संस्था १९९४ साली स्थापन झाली. २०१७ साली आलेल्या पद्धतीत सात निकष, एकूण १,००० गुण आणि अखेरीस चारपैकी एक सरासरी, तीही दोन दशांश स्थळांपर्यंत. ३.२५ आले तर 'ए', ३.२६ आले तर 'ए प्लस'. या मोजणीत त्रुटी किती, हे फलकावर नसते. त्याच महाविद्यालयात त्याच आठवड्यात दुसरी समिती आली असती, तर तिचा आकडा किती जुळला असता? हे माहीत नसेल तर दुसरा दशांश अंक केवळ शोभेचा आहे. २०२४ च्या जानेवारीत नॅकने श्रेणींऐवजी 'मानांकित' किंवा 'मानांकित नाही' एवढेच सांगण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा आम्हांला बरे वाटले. मात्र त्याच घोषणेत पुढे एक ते पाच अशा पायऱ्याही होत्या!

त्रुटीपेक्षा मोठा प्रश्न आहे, तो मोजतो आहोत काय याचा. संलग्न महाविद्यालयांसाठी १,००० पैकी ३५० गुण अध्यापन-अध्ययनाला ठेवले होते. हे योग्यच. पण त्याखाली मोजले काय, तर अध्यापक-विद्यार्थी प्रमाण, पीएच. डी. झालेले अध्यापक, उत्तीर्णांची टक्केवारी आणि अशाच काही गोष्टी. मोजता येते ते मोजले. महत्त्वाचे ते मोजले असे म्हणवत नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली दाखवून दिले होते, की एखाद्या आकड्यावर नियंत्रण ठेवायला जावे, तर तो आकडा पूर्वीसारखा विश्वासार्ह राहत नाही. आपल्याकडे शोधनिबंधांच्या संख्येला गुण लागले आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणारी नियतकालिके उगवली. मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला स्वतःच्याच यादीतील ४,३०५ नियतकालिके काढून टाकावी लागली. उत्तर आधी ठरवून मागाहून निरीक्षणे लिहिणारा विद्यार्थी आपल्या ओळखीचा आहे. येथे संस्थाच तसे करू लागल्या.

आता आपल्या परिसरात पाहू. ठाण्याचे बांदोडकर विज्ञान महाविद्यालय खाडीला लागून आहे. तेथील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी खाडीचे पाणी, गाळ आणि त्यांतील जीव यांचा अभ्यास वर्षानुवर्षे केला आहे. ही खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ साली रामसर यादीत गेली. ओहोटीच्या वेळा सांभाळून, गुडघाभर चिखलात उतरून केलेल्या अशा कामाचे दोन-चार निबंध होतात. नुसती संख्या मोजणाऱ्या तक्त्यात त्यांचे वजन विकतच्या दोन-चार निबंधांएवढेच!

डोंबिवलीची गोष्ट अधिक गंभीर आहे. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्यांना येथील औद्योगिक वसाहतीत काम मिळू शकते. त्याच वसाहतीत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. त्यांची कारणे महाविद्यालयांच्या दारात टाकण्याचा आमचा हेतू नाही. पण तापत्या मिश्रणाकडे पाठ न फिरवणे, शंका आली की नोंद करणे आणि वरिष्ठांना 'हे बरोबर नाही' असे सांगणे, या सवयी प्रयोगशाळेतच लागतात. उत्तीर्णांच्या टक्केवारीत त्या दिसत नाहीत.

कल्याण-डोंबिवलीच्या विज्ञान वर्गांत शहापूर-मुरबाडकडून गाडी धरून येणारी, दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलेही असतात. पाण्याचे अंतिम तापमान ९० अंश आहे एवढ्यावरून त्याला किती उष्णता दिली हे सांगता येत नाही. सुरुवातीचे तापमान आणि वस्तुमान लागते. बारावीला नव्वद टक्के मिळवलेल्यांनाच घेऊन त्यांना प्रथम वर्गात काढणाऱ्या महाविद्यालयाने उष्णता कितीशी दिली? पन्नास टक्केवाल्याला इंग्रजी संदर्भग्रंथ स्वतः वाचण्यापर्यंत आणणाऱ्याने किती? येणाऱ्या आणि जाणाऱ्या विद्यार्थ्यांतील हे अंतर मोजणे अवघड आहे, अशक्य नाही.

समिती येणार म्हणून एका महाविद्यालयात सूक्ष्मदर्शके पुसून, नावाच्या चिठ्ठ्या लावून रांगेत ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. काही बुरशीने आंधळी झाली होती. त्यांतून कोणी पाहिले नाही. संख्या बरोबर भरली. तपासायचेच असेल तर तिसऱ्या वर्षाचे दहा विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून निवडावेत आणि त्यांच्या हाती ब्युरेट आणि पिपेट द्यावे. पहिली दोन वाचने जुळली नाहीत, तर त्यांतला कोण तिसऱ्यांदा टायट्रेशन करतो आणि कोण शेजारच्या वहीत डोकावतो, हे तासाभरात कळेल.