मण्यांचे म्यान: जुने, जुन्यासारखे आणि खोटे

आज विचारासाठी घेतलेली वस्तू हातभर लांबही नाही. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतले लाकोटा, शायान, ब्लॅकफूट हे लोक सुरीसाठी कातड्याचे, मण्यांनी मढवलेले म्यान करीत आले. आपल्याकडे या सगळ्यांना सरसकट 'रेड इंडियन' म्हणायची सवय आहे. ती बाजूला ठेवू, कारण म्यान कोणत्या लोकांचे, याचा अंदाज जाणकाराला नुसत्या टाक्यावरून बांधता येतो. आज अशी म्याने 'जुन्या पद्धतीने' करणारे हौशी लोक अमेरिकेत आहेत, युरोपातही आहेत. त्यांचे काम कोणत्या कसोटीवर पारखायचे, एवढाच आमचा प्रश्न आहे.

आधी घडण पाहू. आत कच्चे, न कमावलेले कातडे असते. ते वाळले की टणक होते, त्यामुळे पाते शिवण कापत नाही. त्यावर मऊ कातडे, जनावराच्याच मेंदूने कमावलेले आणि धुरी दिलेले. धुरीचा उपयोग असा, की ते भिजून वाळले तरी मऊ राहते. धागा कंडरेचा. त्याचे वाळून ताठ झालेले टोक हीच सुई. भोक आरीने पाडायचे, तेही आरपार नाही, कातड्याच्या वरच्या पदरातूनच. हे काम बायकांचे. लाकोटा बाई एका टाक्यात सात-आठ मणी ओवते आणि फक्त दोन्ही टोकांना पकडते, म्हणून पट्टे किंचित फुगीर दिसतात. ब्लॅकफूट पद्धतीत ओवलेली माळ दुसऱ्या धाग्याने जागोजाग दाबतात, म्हणून काम सपाट बसते. आणि म्यान खोल असते, बरं का. मुठीचाही बराच भाग आत जातो, त्यामुळे घोडा दौडला तरी सुरी निसटत नाही.

आता 'अस्सल परंपरा' या शब्दाकडे वळू. हे मणी आले कुठून? व्हेनिसहून आणि बोहेमियातून. बारीक मणी १८४० नंतर रुळले, त्याआधी जाड मणी होते, आणि त्याही आधी साळिंदराचे रंगवलेले काटे. पाती शेफील्डची, किंवा १८३४ पासून मॅसॅच्युसेट्समध्ये रसेलच्या कारखान्यात होणारी. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणतो, ते पहिल्यापासून व्यापाराच्या वाटेवरच उभे आहे.

इथे एक घाईचा निष्कर्ष काढला जातो: शुद्ध काही नाहीच, तर मग ते कोणाचेही आहे! हा तर्क चुकीचा आहे. साहित्य परके असले म्हणून कृती परकी होत नाही. शाई विलायती होती म्हणून पत्र विलायती होते काय? १८८३ मध्ये अमेरिकी सरकारने सूर्यनृत्यासारख्या विधींवर बंदी घातली. शिकार संपली, माणसे राखीव प्रदेशांत कोंडली गेली. आणि नेमक्या त्याच दशकांत मणीकाम कमी न होता बहरले. जिथे बोलायला मनाई होती, तिथे टाका बोलत राहिला, असे आम्ही समजतो. म्हणून १९९० चा अमेरिकी कायदा आम्हाला योग्य वाटतो. मणी ओवायला तो कोणालाच मनाई करत नाही. मूलनिवासींनी केलेली नसलेली वस्तू त्यांची म्हणून विकणे, हा त्याच्या लेखी गुन्हा आहे. कायदा दावा तपासतो.

नेल्सन गुडमनने १९६८ मध्ये एक भेद मांडला. चित्राची बनावट करता येते, संगीतरचनेची येत नाही. स्वरलिपीबरहुकूम झालेले प्रत्येक वादन त्या रचनेचेच असते. मग म्यान कशासारखे? आमच्या मते दोन्हींसारखे. त्याची रीत ही रचनेसारखी आहे, शिकून पुन्हा सादर करता येते. पण एकेक म्यान चित्रासारखे आहे, त्याला स्वतःचा इतिहास आहे.

आमचा आक्षेप इथे सुरू होतो. नवे कातडे मुद्दाम डागाळायचे, कडा घासायच्या, चार मणी फोडायचे आणि त्याला 'जुनी कळा' म्हणायचे, हे सादरीकरण नव्हे. झीज ही वापराची नोंद असते. न झालेल्या वापराची नोंद करणे म्हणजे खोटी साक्ष देणे. घेणारा फसला नाही तरी वस्तू खोटे बोलतेच. आणि आज फसला नाही, तरी वीस वर्षांनी ती दुसऱ्याच्या हातात जाते, तेव्हा सांगायला कोण असते?

दुसरा दोष उलट दिशेचा. आजचे मणी इतके एकसारखे असतात की काम आलेखाच्या कागदासारखे दिसते. जुने मणी कमीजास्त जाडीचे, त्यामुळे ओळ सरळ राखायची तर मणी निवडावा लागे. ती निवड हे मोठे कसब होते. ते वगळून केलेली प्रत नुसता नमुना उतरवते.

तेव्हा तीन प्रश्न विचारावेत. सुरी आत घट्ट बसते का? करणाऱ्याची निवड दिसते का? आणि ती वस्तू आपले साल आणि आपला कर्ता खरा सांगते का? पहिल्या दोहोंत कच्ची असलेली प्रत सरावाने सुधारेल. तिसऱ्यात नापास झालेली प्रत मात्र जितकी सुबक, तितकी जास्त घातक.